दहावं नाव

माझ्या कारखान्यातल्या लोखंडी कपाटात दोन वह्या असायच्या. एक हजेरीचं रजिस्टर, त्यात नऊ नावं. दुसरी लाल कापडी बांधणीची, उचलीची वही. तिच्यात चौदा. कुणी साहेब आला तर पहिली वही टेबलावर यायची आणि शनिवारी पगार वाटताना दुसरी. इतकी वर्षं हे चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ‘सगळेच असं करतात’ हे आमच्या धंद्यात कारण म्हणून चालतं.

कारखाना हा शब्द तसा मोठाच. अशोक चौकाच्या मागे भाड्याचा पत्र्याचा गाळा, अकरा शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, एक काजाचं, एक बटणाचं, मधोमध लांबलचक कटिंग टेबल, आणि कोपऱ्यात इस्त्रीवाला. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, फार तर टॉवेल. पण इथले गणवेशही आता कुठल्या कुठल्या राज्यांतल्या मुलांच्या अंगावर असतात. आमचा सीझन फेब्रुवारी ते जून. म्हणजे सोलापूरचं ऊन जेव्हा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतं, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तेव्हाच पत्र्याखाली रात्री नऊपर्यंत मशीन चालतात.

रजिस्टरात नऊच का, तर दहावं नाव लागलं की ईएसआय लागतो. राज्य कामगार विमा. कायदा मूळचा १९४८ चा. दहा माणसं कामाला असतील तर कारखान्याला तो लागू. पीएफची भानगड विसाच्या पुढे, तिथवर आमची मजल नव्हतीच. मी २००६ साली चार मशीन घेऊन सुरुवात केली तेव्हा एका जुन्या कारखानदाराने प्रेमाने सल्ला दिला होता, “ताई, काही कर, पण दहावं नाव लिहू नकोस. एकदा ईएसआयचा कोड लागला की पुढे माणसं पाच राहिली तरी तो सुटत नाही.” हे खरंच आहे, कायद्यातच तसं आहे. त्यामुळे नऊनंतर आलेली प्रत्येक बाई माझ्या हिशेबात ‘पीस रेटवाली’ झाली. नगावर काम करते, म्हणजे ती आपली कामगार नव्हे, असं मी स्वतःला समजावलं होतं. कायदा असा काही भेद मानत नाही, हेही मला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि मनावर घेणं यात आमच्याकडे बरंच अंतर असतं.

मास्तरांचं नाव मात्र रजिस्टरात पहिलं. आमचे कटिंग मास्तर. घरी तेलुगू, कामावर मराठी, चिडले की दोन्ही. वयाने माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणतात. ऐंशी थरांची थप्पी लावून त्यावर खडूने आखून मशीन फिरवायला लागले की एवढ्या गोंगाटातही बाकीच्यांचं बोलणं थांबतं. सत्तर नंबरचा पॅटर्न आणि बहात्तर नंबरचा पॅटर्न यांतला फरक ते डोळे मिटून बोटांनी सांगतात.

मे २०२३. रात्रीचे साडेआठ-नऊ झाले असतील. एका शाळेची नऊशे शर्टांची ऑर्डर दोन दिवसांवर होती. मास्तरांनी कटिंग मशीन बंद केलं, टेबलाला टेकले आणि म्हणाले, “अक्का, गॅस झालाय बहुतेक.” काजबटणवालीने सोडा आणून दिला. तो प्याले. शर्ट पाठीला चिकटलेला, पण मे महिन्यात सगळ्यांचाच चिकटलेला असतो. मग त्यांनी डावा हात उजव्या हाताने धरला, आणि ते धरणं मला काही बरं वाटलं नाही. रिक्षा बोलावली आणि जवळ जे मोठं हॉस्पिटल होतं तिथे नेलं.

सोलापुरात हॉस्पिटलच्या काउंटरवर नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो “डॉक्टर आहेत का” हा नाही. “योजना आहे का” हा. आमचा जिल्हा या बाबतीत जुना. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होतं. पुढे २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. मास्तरांचं रेशनकार्ड केशरी, म्हणजे ते योजनेत बसत होते. हॉस्पिटल बसत नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे सांगितलं, “मॅडम, आमच्याकडे योजना नाही. पेशंट हलवायचा असेल तर तुमच्या जबाबदारीवर.” ईसीजीचा कागद हातात, मास्तरांची बायको भिंतीला टेकून बसलेली. माझ्या जबाबदारीवर मी काय हलवणार? दोरा-बटणवाल्या व्यापाऱ्याला द्यायचे म्हणून पर्समध्ये चाळीस हजार ठेवले होते, ते तिथे भरले.

एक स्टेंट. बिल एक लाख चौसष्ट हजार. चाळीस मास्तरांच्या जावयाने दिले. चौसष्टसाठी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. आणि माझे साठ: ते चाळीस, अधिक डिस्चार्जच्या दिवशीचे वीस. ते मी उचल म्हणून वहीत लिहिले.

हे लिहिताना थोडं थांबावंसं वाटतं. कारण तेव्हा मला मी फार चांगली वाटले होते. बिनव्याजी साठ हजार! आमच्या लाईनीत कोण देतं? चार जणांनी कौतुकही केलं. शनिवारच्या पगारातून पाचशे कापायचे ठरले. साठ हजार भागिले पाचशे, एकशेवीस शनिवार. मास्तर हिशेबाला पक्के, त्यांनीच आकडा सांगितला आणि म्हणाले, “पर्वालेदु अक्का, फिटेल.” काही हरकत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी ते टेबलापाशी उभे. डॉक्टरांनी तीन महिने जड काम नको म्हटलं होतं. मी म्हटलं, “मास्तर, अजून आराम करा.” म्हणाले, “आराम करायलालो तर शनिवार कोण देणार?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ऑर्डरही होती.

त्यानंतर मी विम्याच्या मागे लागले. ओळखीतला एक एजंट आला. चहा घेतला, लॅपटॉप उघडला. म्हणाला, ग्रुप पॉलिसी करा, किमान सात माणसं लागतात, तुमची किती? मी म्हटलं, नऊ. मग जरा थांबून म्हटलं, चौदा. तो हसला. त्याला सवय असावी. “मॅडम, कंपनी रजिस्टर मागते, पगाराची यादी मागते. जे कागदावर नाहीत त्यांना तुमचे कामगार म्हणून कसं दाखवणार?”

म्हणजे विमा नऊ जणांचा. नऊ कामगार, त्यांचे नवरे किंवा बायका, दोन-दोन मुलं, दोन लाखांचं कव्हर. हप्ता वर्षाला अठ्ठावन्न हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी, एकूण अडुसष्ट हजार चारशे चाळीस. सगळ्यांना आईवडील हवे होते. मास्तरांची आई, इस्त्रीवाल्याचे वडील. खर्चही त्यांचाच जास्त. पण आईवडील घातले की हप्ता जवळजवळ दुप्पट होत होता. ते काढले. हे मी एकटीने ठरवलं, माझ्या खुर्चीत बसून, आणि दुपारच्या सुट्टीत जाहीर केलं. इस्त्रीवाला फक्त “बरं” म्हणाला.

पॉलिसीचे कागद मी दोनदा वाचले. वाचण्यासारखे असतात ते. खोलीचं भाडं दिवसाला कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दोन हजार. चार हजारांच्या खोलीत पेशंट ठेवला तर फक्त वरचे दोन हजार आपल्या खिशातून जातील असं मला वाटलं होतं. तसं नसतं. खोली दुप्पट महाग, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, असे खोलीशी जोडलेले बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. एजंटाला विचारलं तर म्हणाला, “ते सगळ्याच कंपन्यांचं आहे.” आमच्या ‘सगळेच असं करतात’चाच हा भाऊ.

तरी ग्रुप पॉलिसीचा एक मोठा फायदा होता. जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जाणार होता, म्हणजे मास्तर आत. एकट्याने पॉलिसी घेतली असती तर आधीच्या आजारासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागलं असतं. ही मुदत जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीनवर आली तीच मुळी २०२४ मध्ये. स्टेंटवाल्या माणसाने तीन वर्षं काय करायचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी दोन क्लेम झाले. एका बाईच्या नवऱ्याचं ॲपेंडिक्स, बावन्न हजार. इस्त्रीवाल्याच्या बायकोची अवघडलेली बाळंतपणाची केस, अठ्ठावन्न हजार. दोन्ही पैसे नीट मिळाले, उगाच खोटं कशाला बोला. मिठाई वाटली गेली कारखान्यात.

आणि त्याच दिवसांत तीन नंबरच्या मशीनवरची बाई तीन मजले चढून आल्यासारखी दमून यायला लागली. अंगावरून जात होतं, महिनोन् महिने. ती त्या पाचांतली. कागदावर नसलेली. सरकारी दवाखान्यातली तारीख लांबची होती आणि तिला थांबवत नव्हतं. गर्भपिशवीचं ऑपरेशन एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं, अडतीस हजार. ते आले भिशीतून. आमच्या बायकांची दरमहा पाचशेची भिशी आहे. नंबर चिठ्ठीने काढतात, पण आजारपण आलं तर चिठ्ठी न टाकता त्या बाईला आधी देतात. हा नियम कुणी लिहिलेला नाही. सात हजारांची एक भिशी हिला मिळाली, दुसरीकडच्या भिशीतून दहा, बाकीचे बचत गटाचं कर्ज. मला तिने उचल मागितलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मास्तरांचंच अजून फिटायचंय, अक्का.”

तिच्या शेजारच्या मशीनवर ॲपेंडिक्सवाल्याची बायको. दोघींच्या मध्ये धाग्याच्या रिळांची एक टोपली. एकीचा बावन्न हजारांचा कागद कंपनीने भरला आणि दुसरीला भिशी फोडावी लागली, हा फरक कुणी केला? कंपनीने नाही. माझ्या रजिस्टराने.

वर्ष संपलं आणि नूतनीकरणाचा आकडा आला. एक लाख चार हजार, वर जीएसटी. एक लाख बावीस हजार सातशे वीस. मी एजंटाला फोन केला तेव्हा त्याने समजावलं की ग्रुप लहान असला की दोन क्लेमही भारी पडतात. हप्ता अठ्ठावन्न, क्लेम एक लाख दहा, कंपनी पुढच्या वर्षी वसूल करणारच. पाचशे माणसांच्या कंपनीत दोन ऑपरेशनं कुठे दिसतही नाहीत. नऊ जणांत दिसतात. म्हणजे विमा लोकांनी वापरला की मालकाला महाग, आणि नाही वापरला तर मालक म्हणणार, उगाच पैसे गेले. मी ती पॉलिसी सोडली. नऊ जणांना हेही दुपारच्या सुट्टीतच सांगितलं.

जीएसटीचं पुढचं ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. पेपरात मोठी बातमी. मला वाटलं, चला, अठरा टक्के सुटले. सीएंना फोन केला. ते म्हणाले, “ताई, ती सूट एकट्याच्या आणि कुटुंबाच्या पॉलिसीला. ग्रुपला अठरा तसेच. आणि कायद्याने सक्ती नसताना कामगारांचा विमा काढला तर त्या अठराचं क्रेडिटही, म्हणजे आपल्या करातून वजावटही, मिळत नाही.” मालकाने स्वखुशीने कामगारांचा विमा काढावा आणि त्यावर सगळ्यात जास्त कर भरावा, यामागचं डोकं कुणाचं ते मला अजून सापडलेलं नाही.

मध्ये आम्ही दहा-बारा छोट्या कारखानदारांनी एक खटपट केली होती. एकाच्या गच्चीवर बसलो, चिवडा, कडक भाकरी, शेंगाचटणी. कल्पना साधी: प्रत्येकाचे नऊ-दहा, मिळून सव्वाशे माणसं, एक मोठा ग्रुप करू. हे गाव सहकाराचं आहे. अश्विनी काय, मार्कंडेय काय, इथे लोकांनी मिळून सहकारी रुग्णालयं उभी केली, मग विमा का नाही? पण एजंटाने सांगितलं की फक्त विमा घ्यायचा म्हणून गट करता येत नाही, गट आधीपासून दुसऱ्या कशासाठी तरी असावा लागतो. वेगवेगळ्या मालकांची माणसं एकत्र दाखवायची तर आणखी गुंतागुंत. मग चर्चा हळूहळू सुताच्या भावावर गेली. एक जण उठता उठता म्हणाला, “मिल गेल्या, ईएसआय गेला. सुटलो त्यातून. आता परत कशाला तो विषय?”

सुटलो, हा शब्द मला तिथून घरी येईपर्यंत टोचत राहिला. कारण माझे वडील मिलमध्ये होते.

सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. तिच्यानंतर आणखी उभ्या राहिल्या, आणि हे शहर भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. आबा कार्डिंग खात्यात होते. कापसाची बारीक लव हवेत, ती छातीत, आणि हिवाळ्यात रात्रभर खोकला. आमच्या घरी एक वाक्प्रचार होता: “आबा ईएसआयवर आहेत.” म्हणजे आजारी आहेत, घरी आहेत, आणि तरी पगाराचा काही भाग येणार आहे. मला लहानपणी ईएसआय ही एखादी जागा वाटायची, जिथे आबा जाऊन बसतात. दवाखान्यातून लाल औषधाची बाटली यायची, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी. धाकटा भाऊ झाला तेव्हाही आईला तिथूनच टॉनिक मिळालं होतं. नव्वदच्या दशकात मिल एकामागून एक थंडावल्या. माणसं मागावर गेली, बायका विड्यांकडे, आणि आबा एका दुकानात हिशेबाला बसले. खोकला तसाच. बाटली बंद.

आबांच्या ट्रंकेत मिलचा पितळी बिल्ला आणि ईएसआयचं पुस्तक एकाच रुमालात बांधलेलं होतं. गच्चीवरच्या त्या बैठकीनंतर मी ते काढून बघितलं. पुस्तकात आईचं नाव, माझं नाव, भावाचं नाव. कुठल्यातरी कारकुनाच्या वळणदार अक्षरात मी ‘अवलंबित’ होते. त्या अवलंबित मुलीने पुढे कारखाना काढला आणि दहावं नाव लिहायचं नाही हे शिकून घेतलं.

मग एका रविवारी मी आकडेमोड केली. आधीच करायला हवी होती, पण भीतीपोटी आपण आकड्यांकडे बघतच नाही. ईएसआयमध्ये मालकाने भरायचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. पूर्वी दोन्ही मिळून साडेसहा होते, जुलै २०१९ पासून चार झाले. पगाराची मर्यादा एकवीस हजार. आमच्याकडे तेवढा पगार कुणालाच नाही, मास्तरांनाही नाही. चौदा जणांचा महिन्याचा पगार साधारण एक लाख साठ हजार. त्याचे सव्वातीन टक्के, पाच हजार दोनशे. वर्षाचे बासष्ट हजार चारशे.

नऊ जणांच्या, आईवडील वगळलेल्या, दोन लाखांना थांबणाऱ्या पॉलिसीला मी अडुसष्ट हजार चारशे चाळीस मोजले होते.

इथे चौदा जण, घरच्यांसकट. कमाई नसलेले, अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा. जुना आजार विचारत नाहीत. क्लेम झाला म्हणून पुढच्या वर्षी दर वाढत नाही. ताप, बीपीच्या गोळ्या, असलं रोजचं दुखणंही त्यात, जे विम्याच्या पॉलिसीत सहसा नसतंच. तिथे आधी ॲडमिट व्हावं लागतं. आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के, वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत. मास्तरांच्या त्या चाळीस दिवसांचे तेव्हाच्या पगाराने तेरा हजारांच्या आसपास आले असते. बाळंतपणाची सव्वीस आठवडे पगारी रजा. आणि मी महिन्याला सरासरी साडेसहा हजार शर्ट काढते. पाच हजार दोनशे भागिले साडेसहा हजार: शर्टामागे ऐंशी पैसे.

ऐंशी पैसे मी पुन्हा पुन्हा तपासले. चूक असेल असं वाटत होतं.

पण ऐंशी पैसेही कमी नाहीत, हे धंद्यात नसलेल्यांना कळणार नाही. व्यापारी पन्नास पैशांवर अडून बसतो. शेजारचा गाळेवाला ऐंशी पैसे भरत नाही, त्यामुळे त्याचा भाव तेवढा कमी. शिवाय माल गेला की पैसे नव्वद दिवसांनी, आणि ईएसआयचं चलन दर महिन्याच्या पंधरा तारखेला. माझी अडचण खोटी नव्हती. फक्त तिची किंमत ऐंशी पैसे होती आणि ती मी तीन नंबरच्या बाईकडून वसूल करत होते.

तरी भीती उरलीच होती. आज नाव लावलं आणि मागच्या पंधरा वर्षांचा हिशेब मागितला तर? त्यावर सीएंनी सांगितलं, ईएसआयने एक योजना काढली आहे, स्प्री नावाची, १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५. या मुदतीत स्वतःहून नोंदणी केली तर तुम्ही सांगाल त्या तारखेपासून लागू, मागची वसुली नाही, मागची तपासणी नाही. “यापेक्षा चांगली वेळ मिळणार नाही,” म्हणाले. सरकारला आमच्यासारख्यांची नस बरोबर सापडली होती.

मी नाचत कारखान्यात गेले आणि सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. माझी अपेक्षा होती टाळ्यांची. एक मिनिट कुणी बोललंच नाही. मग काजबटणवाली म्हणाली, “आमचे पण कापणार?” म्हटलं, पाऊण टक्का, दहा हजाराला पंचाहत्तर रुपये. “मग आता योजना आहे की सगळ्यांना. पाच लाखांची.” हे तिचं बरोबर होतं. जुलै २०२४ पासून फुले योजनेचं कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालायला लागलं. दुसरी म्हणाली, “नाव सरकारात गेलं तर लाडकी बहीण बंद होईल.” ही खरी भीती. महिन्याचे पंधराशे हातात पडत असताना कधीतरी होणाऱ्या आजारासाठी कोण धोका घेईल? मी सांगितलं, अट घरच्या अडीच लाख उत्पन्नाची आहे, ईएसआयची नाही. “पण यांचा आणि माझा मिळून अडीचच्या वर जातो की,” ती पटकन बोलून गेली आणि सगळ्या हसल्या. थोडक्यात, कागदापासून लपायची कारणं फक्त माझ्याकडे नव्हती.

शेवटी तीन नंबरवाली बोलली. फार नाही. “ऑपरेशननंतर मी अकराव्या दिवशी मशीनवर बसले होते,” एवढंच. टाके ओढायचे म्हणून पोटाला ओढणी बांधून ती पायडल मारायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर पंचाहत्तर रुपयांवर कुणी वाद घातला नाही.

नोंदणीचे दोन दिवस म्हणजे जत्राच. आधारवरच्या नंबरावर ओटीपी येणार, तर एकीचा नंबर मुलाच्या जुन्या सिमचा, ते सिम कुठे हरवलेलं. दोघींच्या आडनावांची स्पेलिंगं आधारवर एक, बँकेत दुसरी. तेलुगू आडनावं मराठीतून इंग्रजीत जाताना वाटेत काय काय सांडतात ते त्या दिवशी कळलं. इस्त्रीवाला आधार केंद्रात गेला तर अंगठा लागेना. वीस वर्षं गरम इस्त्री धरलेलं बोट, त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. केंद्रातला मुलगा म्हणाला, हात धुऊन या. तो तीनदा धुऊन आला. चौथ्यांदा मधलं बोट लागलं.

मी इथे स्वर्ग दाखवत नाहीये. ईएसआयच्या रांगा असतात, औषध कधी बाहेरून आणायला सांगतात, रेफरल करून घ्यायचं तर चपला झिजतात, हे मला चार कारखानदार आणि चाळीस कामगार सांगतील. काजबटणवाली पहिल्यांदा जाऊन आली आणि म्हणाली, “अर्धा दिवस गेला, पगार कोण देणार?” मी दिला. दर वेळी देईन का, माहीत नाही. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यालाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, स्वेच्छेने ईएसआय घेता येतो. म्हणजे ‘आम्ही नऊच’ हे वाक्य आता तितकंसं कामाचं राहिलेलं नाही. गच्चीवरच्या बैठकीतल्या दोघांना मी हे सांगितलं. एकाने विचारलं, “तुला किती खर्च आला?” ऐंशी पैसे म्हटल्यावर तो व्यापाऱ्यासारखाच म्हणाला, “पन्नासमध्ये नाही का बसणार?”

रजिस्टर नवीन आणलं. मास्तरांचं नाव पहिलं, तसंच. दहाव्या ओळीवर तीन नंबरवालीचं.

मास्तरांच्या एकशेवीस शनिवारांपैकी दिवाळीचे, गड्ड्याच्या जत्रेचे, मुलीच्या बाळंतपणाचे असे काही मी सोडले होते, त्यामुळे हिशेब लांबत लांबत डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी संपला. पाकिटातून पाचशे काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि लाल वही माझ्याकडे सरकवली. मी त्यांच्या पानावर आडवी रेघ मारली. ते चष्मा लावून रेघ नीट बघत होते.

“आता पुढच्या महिन्यापासून ईएसआयचे कापणार ना, अक्का?”

“हो. सतरा हजाराला एकशे अठ्ठावीस.”

“आठवड्याला?”

“महिन्याला.”

मास्तरांनी खडू घेतला, टेबलावर अंथरलेल्या निळ्या कापडाच्या कडेला एकशे अठ्ठावीस लिहिलं, त्याच्याखाली काहीतरी भागाकार केला. मग हाताने ते पुसलं आणि थप्पी सरळ करायला लागले.